डावा स्वरतंतू हलत नाही: थेट सीटी स्कॅन, की आधी गिळण्याची एंडोस्कोपी?

कोथरूडकर: मामांचा आवाज दोन महिने बसलाय. ज्येष्ठमध चघळून झालं, मग नाकातून दुर्बीण घातली तर डावा स्वरतंतू ढिम्म. आता एक डॉक्टर म्हणतात सीटी, दुसरे म्हणतात दुर्बीण ठेवूनच खाऊपिऊ घालू आणि गिळणं बघू. मला विचाराल तर हे बिल वाढवायचं नवं फॅड. तंतू हलत नाही हे कळलंय ना?

पेठेतला: थायरॉईडचं ऑपरेशन झालंय का? नसेल तर सीटीच. डाव्या स्वरतंतूची नस छातीत उतरते, महाधमनीला खालून वळसा घालून वर घशात येते. वाटेत फुफ्फुसातली गाठ, धमनीचा फुगवटा, काहीही असू शकतं. गिळणं बघण्यात वेळ घालवू नका.

स्पीचथेरपिस्ट_पुणे: फॅड कसलं, १९८८ पासून आहे ही तपासणी. तंतू हलत नाही हे कळलं, पण नस कुठे दुखावली ते कळलं का? वर कवटीच्या तळाशी व्हेगस, म्हणजे जिची ही फांदी ती मूळ नसच गेली असेल, तर टाळू एका बाजूला लोंबतं, घशाची भिंत नीट आकसत नाही, त्या बाजूच्या खळग्यात लाळ साठते, दुर्बिणीचं टोक लागलं तरी पेशंटला पत्ता नसतो. फक्त छातीतली फांदी गेली, तर बाकी सगळं शाबूत.

कोथरूडकर: टाळू 'आ' करूनही दिसतं की. टॉर्च फुकट आहे!

स्पीचथेरपिस्ट_पुणे: टाळू दिसेल हो. हिरवा रंग घातलेलं दूध तंतूंच्या खाली उतरलं आणि पेशंट खोकलाच नाही, हे टॉर्चमध्ये कसं दिसणार?

पेठेतला: पण ऐन गिळताना दुर्बिणीसमोर सगळं पांढरं होतं, दिसतं ते आधीचं नि नंतरचं. आणि तपासणी नॉर्मल आली म्हणून सीटी टळते का? नाही! उलट मग छाती आणखी बारकाईने बघायची.

स्पीचथेरपिस्ट_पुणे: टाळा म्हटलंय कुणी? सीटी कवटीच्या तळापासून छातीपर्यंतच हवी. नुसता छातीचा एक्सरे काढून परत येऊ नका, म्हणजे झालं.

कोथरूडकर: सीटी उद्या आहे. दुर्बिणीबद्दल मत तेच. पण पाणी पिताना मामांना ठसका लागतो, मामी विचारतायत चहा द्यायचा की नाही.

स्पीचथेरपिस्ट_पुणे: ते सीटी सांगणार नाही. तोवर ताठ बसवून, लहान घोट, घाई नको. आणि ताप आला तर लगेच दाखवा.