ओळख बदलणारा जुना नॉयर सुचवा (९० मिनिटं, ५०० रुपये)

चौकट: सोसायटीच्या हॉलमध्ये शनिवारी २० जणांना दाखवायचाय. माणूस दुसऱ्याची ओळख घेतो नि संशय मागे लागतो, असा कृष्णधवल नॉयर, म्हणजे काळोखा गुन्हेपट, हवा. प्रोजेक्टर आहे. 'हॉलो ट्रायम्फ' (१९४८) मनात आहे. फुकटातली प्रिंट चालेल का?

अर्धं_तिकीट: नको. 'डीटूर' (१९४५) लावा, सत्तरीच्या आत संपतो. २०१८ला जीर्णोद्धार झालाय, त्याची ब्लू-रे घ्या. माझ्याकडे आहे, काच पुसल्यासारखी दिसते.

रीळ_नं_३: ५०० रुपयांत? शिवाय ब्लू-रेला देशगटांचं (रीजनचं) कुलूप असतं. अमेरिकन डिस्क बहुधा रीजन ए, आपला सी. साध्या प्लेअरवर लागणारच नाही.

अर्धं_तिकीट: मग मल्टी-रीजन प्लेअर घ्या. एकदाचाच खर्च.

काळोखे: 'हॉलो ट्रायम्फ'च लावा, पण फुकटातला नको. कॅमेरा जॉन आल्टनचा. चेहरा अर्धा उजेडात, बाकी काळोख. फिरत असलेल्या बऱ्याच प्रती नकलेच्या नकला आहेत. दर नकलेला मधल्या करड्या छटा उडतात, नि प्रोजेक्टरवर माणूस भिंतीत विरघळतो. नायक पॉल हेनरीड, ज्याची ओळख घ्यायचीय त्याचा फोटो बघून, स्वतःच्या गालावर वण करून घेतो, तो प्रसंग आधी लावून बघा. गाल डावा की उजवा ते कळलं नाही तर सिनेमा फुकट. फोटोवाल्यानं निगेटिव्ह उलटी छापलीय, सगळी गोची तिथेच.

सुपारी_कात: झालं! फोडलात.

रीळ_नं_३: उलट्या निगेटिव्हवरून आठवलं, 'डीटूर'मध्ये लिफ्ट मागतानाचे काही शॉट खरोखरच उलटे छापलेत. अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूनं! आपल्याकडे कुणाला खटकणार नाही म्हणा.

अर्धं_तिकीट: सहा दिवसांत उरकलेला सिनेमा आहे, एवढं चालायचंच.

रीळ_नं_३: सहा दिवस ही दंतकथा.

गच्ची: 'माय नेम इज ज्युलिया रॉस' (१९४५) कसा विसरलात? ६५ मिनिटं. नोकरीला लागलेली मुलगी जागी होते, तर घरात सगळे तिला दुसऱ्याच नावानं हाक मारतात.

काळोखे: तिच्यावर ओळख लादलीय. मागणी वेगळी आहे.

सुपारी_कात: 'हॉलो ट्रायम्फ' फुकटातलाच लावणार असाल तर 'द स्कार' या नावानंही शोधा, ब्रिटनमध्ये तेच नाव होतं. लांबी साधारण ८३ मिनिटं. ८० भरली तर कापलाय असं समजू नका, पाल (युरोपातली जुनी टीव्ही पद्धत) प्रत सेकंदाला २४ऐवजी २५ फ्रेमनं पळते. प्रोजेक्टरचा मोड 'डायनॅमिक'वरून 'सिनेमा'वर, शार्पनेस शून्य. आणि चित्राची रुंदी-उंची ४:३च ठेवा, ताणलं की नायिका जोन बेनेट फुगते.

अर्धं_तिकीट: ब्लू-रेला यातलं काही करावं लागत नाही.

चौकट: दोन प्रती तपासल्या. एकीत गालच नाही. 'द स्कार' नावाच्या दुसरीत वण दिसतो, मागची खोली गायब. तीच लावतोय. ५०० रुपयांचे वडे सांगितलेत.

अर्धं_तिकीट: वडे खाऊन संपतील, डिस्क राहिली असती.