कामाच्या दौऱ्यावर सहकाऱ्यांची झालेली फजिती : बडोद्याच्या मंडळींनी आपले किस्से सांगावेत

रावपुरेकर :

नमस्कार मंडळी,

मी बडोद्यातील एका कारखान्याच्या प्रशासन विभागात काम करतो. साइटवर निघालेल्या नव्या मुलांपासून वरिष्ठ साहेबांपर्यंत सर्वांची तिकिटे, मुक्कामाची सोय आणि परत आल्यावरची प्रवासभत्त्याची बिले माझ्याच टेबलावरून जातात, त्यामुळे कोणाची कुठे फजिती झाली हे बहुधा मला सर्वांआधी कळते. यंदा आमच्या गृहपत्रिकेच्या दिवाळी अंकात अशा किस्स्यांसाठी काही पाने राखून ठेवली असून त्यांचे संपादन माझ्याकडे आले आहे. वाचताना मनसोक्त हसू यावे आणि त्याच वेळी पुढच्या दौऱ्यावर निघणाऱ्याने तिकीट नीट वाचूनच घराबाहेर पडावे, अशी माझी इच्छा आहे.

एक किस्सा आधी मीच सांगतो. आमच्या गुणवत्ता विभागात कोल्हापूरकडचा एक तरुण नुकताच रुजू झाला होता आणि त्याला तपासणीसाठी रतलामला जायचे होते. गाडीच्या वेळेच्या बरेच आधी तो वडोदरा जंक्शनवर पोहोचला. बी-२ डबा कुठे लागतो हे त्याने एका हमालाला विचारले, सांगितलेल्या जागी सामान नेऊन ठेवले, मग खात्री करून घ्यावी म्हणून दुसऱ्याला विचारले, तर त्याने फलाटाचे दुसरे टोक दाखवले. तिसऱ्याने मधली जागा सांगितली. तपासणीच्या उपकरणांची जड पेटी घेऊन तो असा फलाटभर फिरत असताना गाडीची वेळ उलटून गेली. मोबाइलवर गाडी अगदी वेळेवर धावत असल्याचे दिसत होते, पण फलाटावरच्या फलकावर तिचे नाव काही येईना. शेवटी चौकशीच्या खिडकीवरील गृहस्थांनी तिकीट हातात घेतले आणि त्याची गाडी छायापुरी या बडोद्याच्याच दुसऱ्या स्थानकाहून सुटते, ती जंक्शनवर येतच नाही, हे त्याला समजावून सांगितले. त्या रात्री तो बसने निघाला आणि पेटी मांडीवर घेऊन सकाळी रतलामला पोहोचला. तपासणी मात्र त्याने ठरल्या वेळी सुरू केली, हे मला मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

आपल्या कार्यालयांतील असे प्रसंग कृपया सविस्तर कळवावेत. ज्यांच्यावर ते ओढवले त्यांची नावे छापावीत की नाही, याबद्दलही आपले मत हवे आहे.

कारेलीबागवासी :

रावपुरेकर, छायापुरीचा विषय निघालाच आहे, तर त्याची दुसरी बाजूही आपल्या अंकात यायला हवी. अहमदाबादेकडून येणारा आणि गोध्रा-रतलामकडे जाणारा असे दोन्ही लोहमार्ग वडोदरा जंक्शनच्या उत्तरेच्याच अंगाला मिळतात. त्यामुळे अहमदाबादेहून रतलामला जाणारी गाडी जंक्शनमध्ये आली, की तिचे इंजिन एका टोकाचे सोडवून दुसऱ्या टोकाला जोडावे लागते आणि गाडी ज्या तोंडाने आली त्याच तोंडाने बाहेर पडते. हा खोळंबा टाळण्यासाठी अनेक गाड्या आता छायापुरीवरून परस्पर नेल्या जातात.

आमच्या लेखा विभागातील एक ज्येष्ठ सहकारी लेखापरीक्षणाच्या कामासाठी अहमदाबादेहून रतलामला निघाले होते, तेव्हा छायापुरीचे स्थानक झालेले नव्हते. बडोदे येण्यापूर्वीच त्यांना झोप लागली आणि जाग आली ती गाडी पुन्हा सुटताना. खिडकीबाहेरचे दिवे उलट्या दिशेने सरकताना पाहून गाडी अहमदाबादेला परत चालली आहे, अशी त्यांची पक्की समजूत झाली. त्यांनी समोरच्या बाकावरील कुटुंबाला उठवले, वरच्या बर्थवरील मुलांनाही हाक मारली आणि गाडी भलतीकडे वळवल्याचे सर्वांना गंभीरपणे सांगितले. सगळे अर्धवट झोपेत असल्यामुळे कोणीच वाद घातला नाही. पुढच्या थांब्यावर ते घाईघाईने उतरले आणि ‘रतलामला जायला आता काय मिळेल?’ असे त्यांनी चहावाल्याला विचारले. ते स्थानक गोध्र्याचे होते. चहावाल्याने त्यांच्या मागे बोट दाखवले. ज्या गाडीतून ते उतरले होते, तीच रतलामला निघाली होती. ते धावले, मागच्या एका डब्यात कसेबसे चढले आणि डबे ओलांडत आपल्या जागेवर पोहोचले, तेव्हा त्यांच्या सांगण्यावरून सामान बांधून बसलेले ते कुटुंब त्यांचीच वाट पाहत होते.

अलकापुरीतील एक वाचक :

आमचा किस्सा परदेशी शाखेतील सहकाऱ्याचा आहे. जर्मनीतील आमचे एक अभियंता जुलै महिन्यात बडोद्याला येणार होते. येथील कोणीतरी पत्रात शहराच्या नावापुढे ‘बीआरसी’ असे लिहिले. हा आपल्या रेल्वे स्थानकाचा संकेत आहे. विमानतळाचा संकेत ‘बीडीक्यू’ असा आहे. तिकडच्या प्रवास प्रतिनिधीने विमानतळांच्या यादीत ‘बीआरसी’ शोधले आणि त्याला अर्जेंटिनातील बारिलोचे हे शहर सापडले. अँडीज पर्वताच्या पायथ्याशी, नाहुएल हुआपी सरोवराच्या काठी वसलेल्या त्या गावी जुलैमध्ये ऐन हिवाळा असतो आणि लोक बर्फावर घसरण्याच्या खेळासाठी तेथे येतात.

प्रतिनिधीने हवामानाची माहिती पाठवल्यावर त्या अभियंत्यांनी आम्हाला अगदी साधेपणाने विचारले, की कारखान्यात वावरण्यासाठी उंच बूट आणावेत का? आमच्या भांडार विभागातील सहकाऱ्याच्या डोळ्यांसमोर बडोद्याचा पावसाळा होता. त्याने तत्परतेने उत्तर धाडले, ‘अवश्य आणावेत, जुलैमध्ये आवारात घोट्याच्या वर साचते.’ काय साचते, हे त्याने लिहिले नाही. विचारणाऱ्याच्या मनात बर्फ आणि सांगणाऱ्याच्या मनात पाणी, असा तो पत्रव्यवहार दोन्ही बाजूंनी समाधानकारक चालू राहिला. शेवटी ब्यूनॉस आयरेसला विमान बदलण्यासाठी पुरेसा वेळ मिळेल का, असे त्यांनी विचारले, तेव्हा कुठे सर्वांच्या ध्यानात आले. सुदैवाने तिकीट निघालेले नव्हते. ते आले तेव्हा बूट घेऊनच आले आणि त्या आठवड्यात झालेल्या पावसात ते बूट घातलेले तेवढे एकच गृहस्थ कोरड्या पायांनी फिरत होते.

निवृत्त प्रवास-लिपिक :

मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या गाड्यांविषयी आपल्या पानांत ठळक चौकट द्यावी, ही आग्रहाची विनंती. गाडी १२ तारखेला रात्री ००.३५ वाजता असेल, तर ११ तारखेच्या रात्री जेवण आटोपून स्थानक गाठायचे असते. आमच्या विक्री विभागातील दोघे १२ तारखेच्या रात्री हार-तुऱ्यांसह निघाले. त्यांच्यापैकी एकाची बढती झाली होती आणि सारा विभाग निरोप द्यायला फलाटावर आला होता. गाडी आली, त्यांच्या बर्थवर दुसरेच प्रवासी झोपलेले होते. तिकीट तपासनिसांनी तारीख दाखवल्यावर दोघे हारांसह खाली उतरले, आणि विभागाने त्यांना त्याच रिक्षांतून घरी पोहोचवले.

बदललेल्या नावांचीही एक यादी जोडावी. मुगलसरायचे नाव २०१८ मध्ये पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन झाले, भोपाळचे हबीबगंज स्थानक २०२१ मध्ये राणी कमलापती झाले. जुन्याच नावाने पत्ता लिहून घेतलेले आमचे एक सहकारी मुगलसरायची वाट पाहत बसले आणि बक्सरला उतरले.

रावपुरेकर :

आपल्या सर्वांचा मी मनापासून आभारी आहे. चौकट आणि नावांची यादी नक्की देतो. शिवाय आपल्या जंक्शनला सयाजीगंज आणि अलकापुरी अशा दोन बाजू आहेत, तेव्हा पाहुण्यांना घ्यायला जाणाऱ्या चालकाला ‘स्टेशनसमोर थांबा’ एवढाच निरोप देऊ नये, हेही त्यात घालतो. नावांचा प्रश्न मात्र अजून अनुत्तरित आहे.

मांडवीची लेक :

नावांबद्दल माझे मत स्पष्ट आहे. किस्सा ज्याच्यावर बेतला, त्याचा त्यावर पहिला हक्क असतो. परक्या गावी, सामान सांभाळत, वरिष्ठांचे फोन घेत उभे असताना त्या माणसाला मुळीच हसू आलेले नसते; म्हणून आधी त्याला विचारावे आणि जमल्यास त्याच्याच तोंडून लिहून घ्यावे. पुढचा प्रसंग मी माझ्या सहकारी ताईंना विचारूनच लिहीत आहे.

आमची प्रयोगशाळा प्लास्टिकच्या कच्च्या मालाची चाचणी करते. ताईंना चेन्नईच्या एका ग्राहकाकडे फिकट हिरव्या दाण्यांचा नमुना पोहोचवायचा होता. तिथेच त्यांची नणंद राहते, म्हणून त्यांनी आपल्या बडोद्याचा लीलो चेवडोही घेतला होता. दोन्ही वस्तू सारख्याच आकाराच्या पांढऱ्या खोक्यांत, सारख्याच खाकी चिकटपट्टीने बंद केलेल्या होत्या. नमुन्याच्या खोक्यावरील चिठ्ठी प्रवासात निघून गेली. ताईंनी दोन्ही खोकी हातात धरून पाहिली, पण वजनही जवळपास सारखेच भरले.

ग्राहकाच्या प्रयोगशाळेत खोके उघडले गेले, तेव्हा ताई हिशेब विभागात बसल्या होत्या. तेथील तंत्रज्ञ अतिशय शिस्तीचे होते. लीलो चेवडो ओलसर असतो, त्यात बटाट्याचा कीस, हरभऱ्याची डाळ, हिरवी मिरची आणि मनुका असतात. त्यांनी त्यातले चिमूटभर घेऊन नियमाप्रमाणे आधी ओलाव्याची चाचणी लावली आणि आकडा पाहून माल नाकारण्याची टिपणी लिहायला घेतली. सुट्या दाण्यांत ‘परके कण’ आढळल्याचे, आणि ते काळपट व गोड असल्याचे, त्या टिपणीत नमूद होते. गोड असल्याचे त्यांना कसे कळले, हे ताईंनी विचारले नाही. तिकडे नणंदेने संध्याकाळच्या चहाबरोबर वाटीत दाणे काढले आणि फोन करून विचारले, की हे तळून खायचे असतात का?

दुसऱ्या दिवशी खोक्यांची अदलाबदल झाली, चाचणी पार पडली आणि मालही मंजूर झाला. प्रयोगशाळेतून परत आलेला चेवडा मात्र अर्धाच होता. ताई म्हणतात, नाव खुशाल छापा. फक्त टिपणीतला ओलाव्याचा आकडा छापू नका, कारण चेवडा ज्यांनी बांधून दिला त्या दुकानदारांना तो आवडणार नाही.