आईच्या कानाच्या मशीनची ट्रायल सुरू आहे, आवाज येतो पण शब्द कळत नाही, नागपुरात रिअल इअर टेस्ट कुठे होते?

आई ६९ वर्षांची, आम्ही मानेवाड्याला राहतो. ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) झाली, ऐकू कमी येणं उजव्या कानात ५५ डेसिबल, डाव्यात ६०, दोन्हीकडे नसेचा दोष सांगितला, म्हणजे ऑपरेशनचा विषय नाही. मळ काढून झाला, पडदा ठीक आहे. १० दिवसांपासून दोन्ही कानांत ट्रायलची मशीन आहे, तर पंखा, भांडी, गाड्यांचे हॉर्न हेच तिला जोरात ऐकू येऊन राहिले अन समोर बसून बोललेलं मात्र "काय म्हटलं?" असंच, स, श, फ तर अजिबात कळत नाही. दोनदा सेटिंग बदलून आणली, त्यांनी आवाज कमीजास्त केला फक्त. मी वाचलं की कानात बारीक नळी घालून मशीनचा आवाज पडद्याजवळ खरंच किती पोचतो ते मोजतात, हीच रिअल इअर टेस्ट, ती इथे केलीच नाही, शब्द किती ओळखते ती टेस्टपण नाही.

बजेट दोन्हीचे मिळून ६० हजार, बोटं आखडतात म्हणून चार्जिंगवालीच पाहिजे, फोन साधा आहे त्यामुळे ॲप नको. ट्रायलचे ५ दिवस उरले. मेडिकल, मेयो या सरकारी हॉस्पिटलांत किंवा धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांत ही नळीवाली टेस्ट कोणी स्वतः करून घेतली आहे का, अन दुसरीकडची मशीन नेली तर करून देतात का?