मदत हवी आहे: फियाट पालिओ १.६ जीटीएक्स, अल्टरनेटर (इंजिनवर चालून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) बदलला तरी व्होल्टेज पडतंय

गाडी २००२ ची, इंजिन स्टॉक (कंपनीचंच, काही बदल नाही). एसी, रेडिएटर फॅन आणि हेडलाइट एकदम चालू केले की बॅटरीवर आयडलला १२.७ व्होल्ट, २००० आरपीएमला १३.४. (एसी बंद ठेवा म्हणू नका, जालन्याचं ऊन माहितीय ना!)

अल्टरनेटर रिबिल्ट केलेला बसवला, तेवढ्याच अँपिअरचा. बेल्ट, बॅटरी नवी. हेडलाइटला रिले (बॅटरीतून थेट करंट देणारे स्विच) आधीपासून आहेत. फरक शून्य. मग सगळा लोड चालू ठेवून मल्टिमीटर लावला: अल्टरनेटरच्या मागच्या बोल्टपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत ०.७ व्होल्ट ड्रॉप, अर्थिंगच्या बाजूला जेमतेम ०.१. त्या प्लसच्या वायरचा लग (टोकाचं धातूचं कडं) काळा पडलाय, वरचं प्लास्टिक कडक होऊन तडकलंय.

इलेक्ट्रिशियन म्हणतो मोठा अल्टरनेटर टाकू, ब्रॅकेट थोडं कापावं लागेल. कापाकापी मला नकोय. शिवाय वायर हीच राहिली तर जास्त करंटने ती अजूनच तापेल.

कुणी जुन्या वायरला समांतर १६ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर टाकली आहे का? बॅटरीजवळ फ्यूज किती अँपिअरचा दिला, आणि एक्झॉस्ट टाळून वायर कुठून फिरवली?