हिमयुगानंतर झाडं कुठून आली: जनुकांवर भिस्त किती ठेवायची?
(चौघांची चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पानगळ
युरोपातल्या ओक झाडांचा हरितलवकाच्या (पेशीतला हिरवा कण, त्यालाही स्वतःचा डीएनए असतो) डीएनएवरून काढलेला नकाशा २००२ साली आला. ३७ देश, २,६१३ ठिकाणं, १२,२१४ झाडं. बर्फ ओसरल्यावर ओक आयबेरिया (स्पेन-पोर्तुगाल), इटली आणि बाल्कनमधून उत्तरेकडे सरकला, हे त्याचं सार. काम उत्तमच, पण त्यावरून थेट तारखा सांगायला माझा विरोध आहे. हा डीएनए फार सावकाश बदलतो. दहा-पंधरा हजार वर्षं त्याला काहीच नाहीत. वंश कुठला ते जनुकं सांगतील; तो कधी पोचला हे तळ्याच्या गाळातल्या परागकणांनाच विचारावं लागतं. मूळ अभ्यासकांनीही परागकणांच्या नोंदी सोबत ठेवल्या होत्या.

बीजधर
तारखांचं मान्य. पण परागकणांना एवढं झुकतं माप कशाला? वारा ते शेकडो किलोमीटर नेतो. गाळात दोन-चार कण मिळाले म्हणजे काठावर ओक उभा होता असं नाही. हरितलवक मात्र ओकमध्ये आईकडून, म्हणजे बीजातूनच पुढे जातो.

आणि वेगाचं काय? परागकणांवरून काही झाडांचा प्रसार वर्षाला शेकडो मीटर निघायचा. क्लेमंट रीडने १८९९ मध्येच हिशोब मांडला होता की नुसत्या गळणाऱ्या बियांवर ओकला ब्रिटनच्या उत्तरेला पोचायला दहा लाख वर्षं लागतील. (अवांतर: ‘जे’ (jay) नावाचा पक्षी ओकचं बी पुरून ठेवायला काही किलोमीटर नेतो, त्यामुळे कोडं बरंच सैल होतं.) २००५ मध्ये अमेरिकन बीच (beech) आणि रेड मेपल या झाडांच्या हरितलवकावरून असं मांडलं गेलं की बर्फाच्या कडेपासून फार दूर नसलेल्या जागी विरळ झाडं तगून होती. तसं धरलं तर वेग वर्षाला १०० मीटरच्याही खाली येतो. ही झाडं परागकणांच्या नोंदीत उठून दिसलीच नव्हती.

गाभा
दोघंही नमुन्यांबद्दल गप्प आहात, आणि खरी चूक तिथेच होते. ओकच्या जंगलात बहुधा एकच हॅप्लोटाइप (हरितलवकाच्या डीएनएचा एक ठरावीक प्रकार) असतो, म्हणून एका ठिकाणची पाचेक झाडं पुरतात. पण ती एकमेकांपासून लांबची घ्या, नाहीतर एकाच आईची पोरं मोजाल. लागवडीचं जंगल टाळा. तिथलं बी कुठल्या देशातून आलं असेल याचा नेम नाही, आणि असा एक ठिपका नकाशात खोटा मार्ग काढतो.

पान कोवळं घ्या, सिलिका जेलमध्ये (ओलावा शोषणारे खडे) लगेच सुकवा. ओकमध्ये टॅनिन (डीएनएच्या कामात अडथळा आणणारं तुरट द्रव्य) भरपूर. डीएनए काढायच्या सीटॅब द्रावणात पीव्हीपी (टॅनिन धरून ठेवणारा पदार्थ) घातलं नाही तर डीएनए तपकिरी येतो आणि पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवायची पद्धत) अडतो. मग अर्क दहापट पातळ करून पाहा, बऱ्याचदा चालतो.

अजून एक: शेजारी वाढणाऱ्या दोन ओक जातींत बहुधा एकच हॅप्लोटाइप मिळतो, कारण त्यांचा संकर होतो. तेव्हा हा नकाशा जागेचा आहे, जातीचा नाही.

हिमरेषा
बीजधर, लपलेल्या झाडांचा मोह सांभाळा. २०१२ मध्ये नॉर्वेतल्या स्प्रूस या शंकुधारी झाडाबद्दल असाच दावा आला. स्प्रूस-पाइनसारख्या शंकुधारींत बीजातून मायटोकॉन्ड्रिया (पेशीतले ऊर्जा बनवणारे कण, त्यांनाही स्वतःचा डीएनए असतो) जातात, हरितलवक परागातून. म्हणून तिथे मायटोकॉन्ड्रिया तपासल्या आणि फक्त स्कँडिनेव्हियात दिसणारा प्रकार सापडला. शिवाय नॉर्वेतल्या आंडोया बेटावरच्या तळ्याच्या गाळात पाइनचा सुमारे २२,००० आणि स्प्रूसचा सुमारे १७,७०० वर्षांपूर्वीचा डीएनए मिळाल्याचं जाहीर झालं. लगेच आक्षेप आला: डीएनए बाहेरून मिसळला नाही कशावरून, आणि त्या काळातली सुई, शंकू, लाकूड कुठे आहे? गाळाचा गाभा (तळातून काढलेला उभा दंडगोल) कापताना, अर्क काढताना आणि पीसीआर लावताना प्रत्येक टप्प्याला कोरा नमुना (गाळ न घातलेला, भेसळ पकडण्यासाठी) सोबत चालवावाच लागतो. तरीही वरच्या थरातून डीएनए खाली झिरपण्याची शंका उरते, ती कोऱ्या नमुन्याने मिटत नाही.

बीजधर
सुई मिळाली नाही म्हणजे झाड नव्हतं, असं होत नाही. आणि आजच्या झाडांतला तो वेगळा प्रकार गाळातल्या भेसळीने कसा उडवणार?

हिमरेषा
तो उडवत नाही. पण तो प्रकार तिथेच तगला की दुसरीकडून येऊन मूळ जागी नष्ट झाला, हे आजची पानं सांगू शकत नाहीत. शंकूचा एक तुकडा कार्बन-१४ ने (वय मोजायची पद्धत) १७,००० वर्षांचा ठरवून दाखवा, मी लगेच मानतो.