मदत हवी आहे: सायबरपंक रेडमध्ये हॅकिंग सुरू झालं की बाकीचे मोबाइल काढतात

मंडळी, सायबरपंक रेड (फासे टाकून खेळायचा भूमिका-खेळ) सूत्रधार म्हणून चालवतोय आणि एका ठिकाणी गाडं अडलंय. रेड चालवलेल्यांनी जरूर लिहा. डी अँड डीवाल्यांचंही (डंजन्स अँड ड्रॅगन्स) स्वागत आहे, फक्त "हॅकिंगच काढून टाक" हा सल्ला नको, तो आधीच मिळालाय.

गटात एक सोलो (लढवय्या), एक टेक (तंत्रज्ञ), एक मीडिया (पत्रकार) आणि एक नेटरनर (हॅकर). सगळी पात्रं नवी, म्हणजे रँक ४. त्यामुळे नेटरनरला एका टर्नमध्ये हॅकिंगच्या ३ चाली, म्हणजे ३ नेट अ‍ॅक्शन मिळतात. सोलो गोळी झाडतो: फासा टाकला, डॅमेज मोजलं, झालं. नेटरनर आधी बॅकडोअर करतो (पासवर्ड तोडणं), मग पाथफाइंडर (नकाशा उघडणं), मग समोर फाइल दिसली म्हणून आय-डी (ती कसली आहे ते ओळखणं). प्रत्येक फेकीनंतर नेटवर्कच्या पुढच्या मजल्यावर (टप्प्यावर) काय आहे ते मी सांगायचं, त्याने प्रोग्रॅमची यादी चाळायची, "थांब, वर्म (बॅकडोअरला मदत करणारा प्रोग्रॅम) लावलाय का मी?" असं विचारायचं. खेळातले ३ सेकंद सरतात तोवर मीडियावाली चहा टाकून परत आलेली असते. सोलो न्यू जर्सीतून खेळतो, त्याच्याकडे तेव्हा सकाळ असते. तो सरळ ऑफिसचे मेल उघडतो.

हे दुखणं जुनं आहे याची कल्पना आहे. १९९० च्या आवृत्तीत नेटरनर घरी बसून वेगळ्याच नकाशावर फिरायचा आणि बाकीच्यांनी पिझ्झा मागवायचा, असा विनोद तेव्हापासून चालत आलाय. रेडमध्ये जुनं नेट कोसळलेलं आहे, म्हणून नेटरनरला अ‍ॅक्सेस पॉइंटपासून (नेटवर्कमध्ये शिरायच्या जागेपासून) ६ मीटरच्या आत यावंच लागतं. म्हणजे तो सगळ्यांसोबत त्याच खोलीत असतो, गोळ्याही खातो. तरी खेळणाऱ्यांच्या लेखी तो दुसऱ्याच गावाला गेलेला असतो.

सगळं हॅकिंग एकाच फेकीत उरकूनही पाहिलं. काम झटपट झालं, पण नेटरनर म्हणाला, "मग मी पण सोलोच घेतला असता." त्याचं बरोबर आहे.

पुढच्या वेळी बायोटेक्निकाची (खेळातली एक कंपनी) एक छोटी प्रयोगशाळा आहे, आतून एक फाइल काढायची आहे. मजले किती ठेवू? नकाशा आधीच दाखवू का? आणि ब्लॅक आइसशी (नेटवर्कची राखण करणारे हल्लेखोर प्रोग्रॅम) मारामारी लांबते तिचं काय करू?

गुळपोळी:
आधी एक सांगा, तो हॅक करत असताना खोलीत गोळीबार चालू असतो का? नसेल तर इनिशिएटिव्ह (पाळ्यांचा क्रम) लावताच कशाला? पहारेकरी लांब आहेत, घाई नाही, अशा वेळी साध्या पासवर्डसाठी मी फासे टाकायलाच लावत नाही. "आत शिरलास, काय शोधतोयस?" एवढं विचारते. अपयशातून काही वाईट घडणार असेल तरच फेक.

धागाकर्ता:
निम्म्या वेळी गोळीबार नसतो हे खरं. ते लगेच बदलतो. पण उरलेल्या निम्म्याचं काय?

दहा पैलू:
नियमपुस्तकातल्या पद्धतीने ३ सहापैलू फासे टाकून मजले ठरवत असाल तर आधी ते बंद करा. सरासरीच १० ते ११ मजल्यांची येते. एखाद्या कंपनीचं मुख्यालय लुटायचं असेल तर ठीक, प्रयोगशाळेला ४ पुष्कळ झाले.

पण नुसते मजले कापून भागणार नाही. बाकीचे मोबाइल काढतात कारण त्या मजल्यांवर त्यांच्या कामाचं काही नसतं. पासवर्ड, फाइल, पासवर्ड, फाइल. सोलोने ऐकायचं कशासाठी? निदान एका मजल्यावर असा कंट्रोल नोड (जिथून टरेटसारखी, म्हणजे आपोआप गोळ्या झाडणाऱ्या बंदुकीसारखी, यंत्रं ताब्यात घेता येतात) ठेवा की जो बाकीच्यांना आत्ता, या टर्नला हवाय. मग तेच ओरडतील, "अरे तो टरेट बंद कर आधी!"

तुमच्या प्रयोगशाळेसाठी मी असं मांडेन. पहिला मजला पासवर्ड, डीव्ही (फेकीत ओलांडायचा आकडा) ८. दुसरा कंट्रोल नोड, छतावरचा टरेट, तोही डीव्ही ८. तिसऱ्यावर ब्लॅक आइस. चौथ्यावर फाइल, डीव्ही १०. नोड आइसच्या वर ठेवलाय तो मुद्दाम. टरेट हातात आला की नेटरनरसमोर पेच उभा राहतो: इथेच थांबून टरेट चालवायचा, की खाली उतरून फाइल काढायची? त्यावर सगळे मिळून भांडतात, आणि ती भांडणं मला खेळातली सगळ्यात मजेची वाटतात.

नकाशा दाखवाच, मात्र पाथफाइंडरनंतर आणि जेवढा उघडला तेवढाच. तोंडी सांगू नका. स्क्रीनवर चार चौकोन काढून ठेवा आणि उघडत जा.

ब्लॅक आइस म्हणून हेलहाउंड नको. त्याचा रेझ (प्रोग्रॅमचा जीव) २०, नेटरनरच्या तलवार या हल्ल्याच्या प्रोग्रॅमचं डॅमेज ३ सहापैलू, म्हणजे सरासरी १० ते ११. नेम चुकला नाही तरी दोन घाव लागतात, आणि तोवर तो मेंदूवर २ सहापैलू मारून डेकही (हॅकिंगचं यंत्र) पेटवतो. अ‍ॅस्प बरा. रेझ १५, आणि चावला तर एखादा प्रोग्रॅम जातो. नेटरनरला चरचरीत झोंबतं, पण तो मरत नाही. शिवाय स्लाइड करून निसटता येतं याची त्याला आठवण करून द्या. नवे खेळाडू समोर दिसलेल्या प्रत्येक आइसशी लढतात.

धागाकर्ता:
चार चौकोनांचं पटलं. आणखी एक विचार डोक्यात आहे. त्याच्या ३ अ‍ॅक्शन सलग न घेता इनिशिएटिव्हमध्ये वाटून दिल्या तर? म्हणजे एक त्याची, मग सोलो, पुन्हा एक त्याची, असं.

रात्रपाळी:
नका करू. आम्ही काही काळ असंच खेळलो. एका लांब टर्नच्या जागी तीन मध्यम टर्न येतात, आणि प्रत्येक वेळी "मी कुठे होतो?" नव्याने सुरू. वर नेटरनर फार ताकदवान होतो, कारण सोलो कुठे जाऊन उभा राहिला ते बघून मग दार उघडता येतं. त्यापेक्षा आधीच्या खेळाडूची पाळी चालू असतानाच त्याला तिन्ही अ‍ॅक्शन ठरवून चॅटमध्ये टाकायला लावा: "बॅकडोअर, जमलं तर कंट्रोल, नाहीतर परत बॅकडोअर." पाळी आली की तिन्ही फासे एकदम टाकायचे. पहिला पडला तर पुढचे बेत बदलतात, ते चालायचंच.

आणि प्रोग्रॅमची यादी त्याच्यासमोर कागदावर हवी, पुस्तकात नको. निम्मा वेळ पानं उलटण्यात जातो.

गुळपोळी:
+१. आमच्याकडे नेटरनरची पाळी आली की ती स्वतःच फटाफट बोलते, कारण उशीर झाला तर बाकीचे तिच्या वतीने ठरवायला लागतात :)

धागाकर्ता:
उत्तम, हे तिन्ही करून बघतो. शेवटचं एक. अ‍ॅक्सेस पॉइंट कुठे ठेवू? आत्ता तो मागच्या स्टोअररूममध्ये आहे, सुरक्षित.

दहा पैलू:
तिथून काढा. मुख्य खोलीच्या मधोमध, टरेटच्या टप्प्यात ठेवा. ६ मीटरच्या आत उभं राहायचं तर आडोसा हवा, आणि आडोसा नसेल तर सोलोला त्याच्यापुढे उभं राहावं लागेल. तुमचा न्यू जर्सीवाला मेल उघडायचा नाही.