निवृत्त पुरुषांचा वर्कशॉप गट आता उघडावा का? (लातूर, जून २०२१)

प्रश्न, लातूरहून

नमस्कार मंडळी. आमचा लातूरला एक गट आहे, बहुतेक सगळे रिटायर्ड, कुणी एसटीच्या वर्कशॉपमधला मेकॅनिक, कुणी साखर कारखान्यातला फिटर, एक आयटीआयचे सर, दोघंतिघं शेतकरी. एका मित्राच्या रिकाम्या पत्र्याच्या गोडाऊनमधे दुपारी चारनंतर जमायचो. शाळेचे मोडके बेंच, कुबड्या, व्हीलचेअर, गल्लीतले पाण्याचे पंप, जे येईल ते दुरुस्त करायचं, पैसे फक्त सामानाचे. मार्च २०२० मधे जनता कर्फ्यू लागला तेव्हा कुलूप लावलं, दिवाळीनंतर जरा सुरू झालं तर एप्रिलमधे परत ब्रेक द चेनचे निर्बंध. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आमच्यातले दोघं गेले. आता ७ जूनपासून टप्प्याटप्प्यानं निर्बंध सैल होतायत आणि कुलूप कधी काढता म्हणून फोन चालू झालेत, पण बहुतेकांचा एकच डोस झालाय आणि कोविशिल्डचं अंतर ८४ दिवस केल्यामुळं दुसरा लांब आहे.

मला खरी काळजी घरात बसून खचलेल्या माणसांची आहे. एक काका, बायको गेल्यापासून फोनच उचलत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नुसतं गुड मॉर्निंग, व्हिडिओ कॉल लावला तर सगळे गप्प. हीच माणसं रंधा मारताना पोरीच्या लग्नापासून शुगरपर्यंत सगळं बोलायची. कुणी असा गट सांभाळला असेल तर सांगा, उघडावं का, आणि उघडलं तर कसं.

उत्तर १, रिटायर्ड फिटर, नांदेड

उघडा पण आत नका बसू. पत्र्याच्या शेडमधे हवा खेळत नाही, दोन्ही शटर उघडे ठेवले तरी कोपऱ्यात कोंडतेच. आम्ही टेबलं बाहेर लिंबाखाली काढलीत, पाऊस आला की त्या दिवशीचं काम बंद, सरळ घरी. चार-चार जणांच्या बॅच करा आणि त्याच चौघांनी कायम सोबत यायचं, आज ह्या बॅचला उद्या त्या बॅचला असं नाही, म्हणजे एखादा आजारी पडला तर कुणाकुणाला फोन करायचा ते लगेच कळतं.

अजून एक, ते हायपोक्लोराईटचं पाणी अवजारांवर मारू नका. कानस, पटाशी, ड्रिलचे बिट सगळं गंजतं. साबणाच्या पाण्याच्या फडक्यानं पुसा, कोरडं करा, तेलाचा हात फिरवा. त्यापेक्षा ज्याची पकड त्याची पकड, नाव घालून ठेवा, वाटून वापरायचं ते फक्त मोठं मशीन. आणि हे नीट ऐका, सॅनिटायझर लावून लगेच ग्राइंडर किंवा वेल्डिंगला हात घालायचा नाही. त्यात ७० टक्क्याच्या आसपास अल्कोहोल असतं, ठिणगी पडली तर हात पेटेल. वर्कशॉपमधे साबण आणि पाणीच ठेवा, बाटली गेटवर. भुशासाठी व्हॉल्व्हवाले मास्क घेतले असतील तर ते आता चालणार नाहीत, आपला श्वास त्यातून तसाच बाहेर पडतो. ग्राइंडर चालू असताना बोलायचं पण नाही, आवाजामुळं माणूस ओरडतो, ओरडायला जवळ येतो आणि मास्क खाली ओढतो.

उत्तर २, परभणी

माझं मत वेगळं आहे, स्पष्ट सांगतो. दोघं गेलेत तुमच्यातले. दुसरा डोस होऊन दोन आठवडे जाईपर्यंत थांबा, निदान शुगर-बीपीवाल्यांनी तरी. बेंच काय, शाळाच बंद आहेत, घाई कुणाला आहे? माझे वडील अशाच एका भजनी मंडळात जायचे म्हणून बोलतोय, राग मानू नका. आणि उघडणारच असाल तर ऑक्सिमीटर ठेवा, पण त्यावर ९८ आलं म्हणजे माणूस निरोगी असं समजू नका, सुरुवातीला ताप-खोकला असताना पण नॉर्मलच दाखवतं. ज्याला जरा कणकण आहे त्यानं घरूनच कळवायचं.

उत्तर ३, उदगीर

परभणीवाल्या भाऊंचं बरोबर हाय पण माणूस नुसता जिवंत ठेवून काय करता, त्याला कायतरी कामबी लागतंय की. फोन न उचलणाऱ्या काकांचं सांगतो. आमच्याकडं पण असेच एक होते, नुसते पडून ऱ्हायलालेत म्हणून घरची माणसं सांगायची. कसे आहात म्हणून फोन करू नका बगा, त्याला माणूस बरंय म्हणतो आन ठेवतो. मी एक मिक्सर घेऊन गेलो, त्यांच्या ओट्यावर ठेवला, लांबूनच म्हणलं मोटरीतून जळका वास येतोय, वायंडिंग गेलंय का बगा, मला उमजंना. आन निघून आलो. दुसऱ्या दिशी त्यांचाच फोन, वायंडिंग चांगलंय, कार्बन झिजलेत, एवढं कळंना व्हय तुला, जोडी आणून दे. मग ते कार्बन आणायचं निमित्त, बसवून दाखवायचं निमित्त, त्यातनं बोलले. लई बोलले. बायकोला दवाखान्यात शेवटचं बघू पण दिलं नाही हे त्यांनी स्क्रू आवळता आवळता सांगितलं, मान खाली घालून.

तुमच्या काकांना काय येतं ते बगा आन तेच काम दारात न्या. विचारपूस नको, अडचण न्या आपली.

उत्तर ४, औरंगाबाद

उदगीरवाल्यांशी शंभर टक्के सहमत. माझा मुलगा मेलबर्नला असतो, तिकडं निवृत्त पुरुषांच्या अशा शेड १९९० च्या दशकापासून आहेत, पुढं आयर्लंड-इंग्लंडमधे पण झाल्या. त्यांचा अनुभव हाच, की पुरुष समोरासमोर बसून बोलत नाही, शेजारी उभं राहून काम करताना बोलतो. म्हणूनच तुमचा व्हिडिओ कॉल चालला नाही, तिथं फक्त तोंडच समोर असतं. त्याऐवजी दोघादोघांची जोडी लावा, साधा फोन, आणि दोघांकडं एकाच वस्तूचं काम द्या. एकानं पाट करायचा, दुसऱ्यानं पण पाटच. आपोआप फोन होतो, तुझी फळी वाकली का म्हणून.

प्रश्नकर्ता, लातूर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. आज आयटीआयच्या सरांशी बोललो. ज्यांचे दोन डोस झालेत त्यांचीच एक बॅच बाहेर झाडाखाली, बाकीच्यांचं काम घरपोच, दोघादोघांत. शेतकरी मंडळी तशीही पेरणी होईपर्यंत येणार नाहीत, सोयाबीनच्या बियाण्यामागं पळतायत सगळे. पायानं दाबायचं हात धुण्याचं स्टँड करायला घेतोय गेटसाठी, खाली पेडल, त्यावरून सळई वर नळाच्या कॉकपर्यंत, पेडल सोडलं की नळ आपोआप बंद, आमच्याकडं पाणी वाया घालवून चालत नाही.

काकांना पंपाचं सगळं येतं. माझ्या घरची मोनोब्लॉक सीलमधून गळतीये, ती उद्या सकाळी त्यांच्या दारात नेतो. उदगीरवाले, एक विचारायचं होतं, तुम्ही वस्तू ठेवून लगेच निघालात का त्यांनी दार उघडेपर्यंत थांबलात?